घरी किती जातील?

आमच्या सरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप सापडेलच असं नाही, पण खडू हमखास सापडायचा. स्टेथोस्कोप ते कुठेही विसरायचे. पेशंटच्या उशाशी, कॅन्टीनच्या टेबलावर, एकदा तर गेटबाहेरच्या शहाळेवाल्याच्या गाडीवर. तो शोधून आणायचं काम आम्हा नर्सेसचं. खडू मात्र कधी हरवला नाही. कुणाला काही समजावून सांगायचं झालं की सर सरळ खाली उकिडवे बसायचे आणि वॉर्डाच्या फरशीवर लिहायला, काढायला सुरुवात करायचे. समोर पेशंटचा म्हातारा बाप असो की हॉस्पिटलचे ट्रस्टी असोत, सगळ्यांना वाकून बघावं लागे. फरशी पुसणाऱ्या मावशी ओलं फडकं हातात घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या.

"साहेब, पुसू काय ओ? का शाळा अजून चालू हाय?"

"मावशी, एवढा कोपरा तेवढा ठेवा. बाकी पुसा."

त्यामुळे आमच्या वॉर्डाचा कुठला ना कुठला कोपरा कायम पुसायचा राहिलेला असे, आणि मेट्रनबाई त्यावरून रोज माझ्या अंगावर यायच्या. सरांना बोलायची त्यांची हिंमत नव्हती, मग मी होतेच की.

ही सत्तरनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. हॉस्पिटल अंधेरीला, एका ट्रस्टचं. पलीकडच्या भिंतीला लागून म्हशींचा तबेला होता आणि उन्हाळ्यात आमच्यापेक्षा म्हशींकडे जास्त पाणी असायचं. मी मेडिकल वॉर्डची स्टाफ नर्स. गाव गोराई. आठवडाभर नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये राहायची आणि सुट्टीला बोरिवलीहून खाडीवर जाऊन होडीने घरी. सर आमच्या वॉर्डाचे मुख्य डॉक्टर. परदेशात शिकून आलेले होते म्हणे, पण ते त्यांच्याकडे बघून कुणाला पटलं नसतं. पायात कॅनव्हासचे बूट, तेही एकाची नाडी पांढरी आणि एकाची बँडेजच्या पट्टीची.

सरांचा एक ठरलेला प्रश्न होता, आणि तो ते कुणालाही विचारायचे. औषध कंपनीचा माणूस नवं टॉनिक घेऊन आला, की सर डोळे मिटून त्याचं सगळं पाठांतर ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "यानं घरी किती जातील?"

"सर, याने भूक वाढते."

"वाढू दे ना. भूक वाढून किती जण बरे होऊन घरी जातील?"

तो बिचारा बॅग आवरायला लागायचा. नव्या चादरी, नवा पंखा, ऑफिससाठी लोखंडी कपाट, काहीही मागायला जा, हाच प्रश्न. एका नाताळला आम्ही मुलींनी वॉर्डात कागदी चांदणी लावायचं ठरवलं. मी परवानगी मागायला गेले आणि त्यांचं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "सर, एकही घरी जाणार नाही. पण जे नाताळात इथेच पडून राहणार, त्यांना बरं वाटेल." सर स्वतःच स्टुलावर चढून चांदणी बांधायला लागले, आणि ती वाकडी बांधली. ती मी नंतर काढून सरळ केली.

आमच्या वॉर्डात किडनीचे पेशंट फार. त्यांना मीठ बंद. अळणी भात, अळणी भाजी, दिवसाला मोजकं पाणी. सरांचा नियम असा, की आपण ज्याला अळणी खायला लावतो त्याच्या पंगतीला आठवड्यातून एकदा तरी आपणही बसायचं. बसायचे, आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत कुरकुरायचे. "छे, छे, हे काय माणसाचं जेवण आहे?" पेशंट खूश व्हायचे. आपल्या वतीने कोणीतरी बोलतंय असं त्यांना वाटायचं. आचारी मात्र दुखावला जायचा. तो म्हणायचा, मीठ काढायचा हुकूम यांचाच आणि नावंही मलाच ठेवणार.

आता थोडं औषधपाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सर ते फरशीवर दोन वालाचे दाणे काढून सांगायचे. एक झोपलेली किडनी आणि एक मेलेली. बाळंतपणात खूप रक्त गेलं, हगवणीने अंगातलं पाणी आटलं, साप चावला, की किडनी झोपते. लघवी बंद होते, अंगात विष साठतं आणि माणूस काही दिवसांत जातो. पण तेवढे दिवस कोणी तिचं काम केलं तर ती आपोआप जागी होते आणि माणूस जन्मभरासाठी बरा होतो. मेलेली किडनी उठत नाही. तिचं काम दुसऱ्या कुणीतरी आयुष्यभर करत राहावं लागतं.

हे काम करायचे तेव्हा दोन मार्ग होते. एक मशीन. रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमध्ये धुवायचं, परत अंगात सोडायचं. ते शहरातल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलातच. दुसरा मार्ग आमचा, बाटल्यांचा. बेंबीखाली छोटं भोक पाडून नळी घालायची, गरम पाण्याच्या बादलीत कोमट केलेल्या बाटल्या उलट्या टांगायच्या आणि त्यातलं साखरेचं, क्षारांचं पाणी पोटात सोडायचं. ते तिथे थोडा वेळ ठेवायचं, म्हणजे अंगातलं विष त्यात उतरतं. मग त्याच बाटल्या खाली जमिनीवर ठेवायच्या, की पाणी परत येतं. पुन्हा नव्या बाटल्या. असं दीड-दोन दिवस न थांबता. कंटाळवाणं काम, पण सोपं.

किती सोपं, ते आम्हाला मढच्या एका कोळणीने दाखवलं. तिची सून पहिल्या बाळंतपणात फार रक्त जाऊन आमच्याकडे आली होती. लघवी बंद, तोंड सुजलेलं, डोळे उघडत नव्हते. सरांनी नळी घातली. त्या दिवशी दोन नर्सेस रजेवर, आणि मी एकटी चार ठिकाणी धावतेय. सासू खाटेशेजारी बसून बघत होती. दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा उठून सरांना म्हणाली, "ए डॉक्टर, मना दाव. मी करतंय. ही पोर धावून धावून मरंल." ही पोर म्हणजे मी.

मेट्रनबाई कडाडल्या. बाहेरचा माणूस बाटलीला हात लावणार? सरांनी कोळणीचे हात साबणाने धुवून घेतले. एकदा नाही, तीनदा. मग नखं कापायला लावली. मग खाली बसून तिला खडूने काढून दाखवलं, वर टांगलेली बाटली, खाली ठेवलेली बाटली, आणि पाणी गढूळ दिसलं तर बोंब मारायची. "बोंब मारायला तुम्हाला शिकवायला नको," म्हणाले. कोळीण मोठ्याने हसली. त्या बाईने दोन दिवस सुनेचं पोट धुतलं, आणि इतकं नीट, की मेट्रनबाई तिथे उभ्या राहून चूक शोधत होत्या आणि त्यांना ती सापडत नव्हती. नंतर आठवड्याभराने सुनेला लघवी झाली. सर ते भांडं हातात धरून सगळ्या वॉर्डभर फिरले. "बघा, बघा, सोनं आहे सोनं!" पेशंट उठून बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी सरांनी किचनमधून वाटीत मीठ आणलं आणि आपल्या हाताने तिच्या भातावर चिमूट टाकली. हा मान ते दुसऱ्या कुणाला देत नसत. सून बाळ घेऊन मढला गेली आणि सासूने पुढे कित्येक महिने आम्हाला बोंबील पाठवले.

तेव्हापासून आमच्याकडे नातेवाईकांनीच बाटल्या बदलायची पद्धत पडली. दुसऱ्या हॉस्पिटलचे डॉक्टर नाक मुरडायचे. सर म्हणायचे, "आईला पगार द्यावा लागत नाही आणि ती झोपतही नाही."

याच सुमाराला माझ्या दादाचे पाय सुजले.

दादा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. बाप आम्हाला लवकर सोडून गेला, त्यामुळे मला वाढवलं दादानेच. खाडीत होडी चालवायचा, जाळं टाकायचा, पावसात थोडा भात लावायचा. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर गावातल्या बाया म्हणाल्या, पोर लोकांची घाण काढणार. दादा म्हणाला, "काढू दे. मी रोज मासलीची काढतंय." आणि मला होडीत घालून बोरिवलीला सोडून आला. त्याचे पाय सुजले तेव्हा वहिनीला वाटलं ताडीने सुजले असतील. मी त्याला वॉर्डात घेऊन आले. सरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मग त्याच्या खाटेशेजारी उकिडवे बसून दोन दाणे काढले. दोन्हींवर रेघ मारली.

दादाने वाकून बघितलं. "म्हंजे माझ्या दोन्ही गेल्या?"

"हो."

"मंग आता?"

"बघू," सर म्हणाले.

नातेवाईकांना "बघू" मी स्वतः इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात घाटकोपरच्या एका शेठनी ट्रस्टला सांगितलं, की आईच्या नावाने मला हॉस्पिटलला किडनीचं मशीन द्यायचंय. शेठ ट्रस्टवर होते, लाकडाचे व्यापारी, मनाने मोकळे. मशीन घेऊन देतील, पण ते चालवायचा खर्च दर महिन्याला हॉस्पिटलने करायचा, असा एकूण बेत. ट्रस्टींनी सरांना विचारलं, बाटल्या बऱ्या की मशीन बरं? नीट अभ्यास करून सांगा.

मी त्या रविवारी गोराईच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मला वाटलं, हे देवाने माझ्यासाठीच पाठवलं. दादाला मशीन हवं होतं, आणि मशीन माझ्याच वॉर्डात येणार होतं. सोमवारी मी सरांसमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं, "सर, मशीन घ्या. तुम्हाला माहीत आहे मी का सांगतेय."

"माहीत आहे," सर म्हणाले.

मग सरांचा अभ्यास सुरू झाला. मशीन विकणारा माणूस टाय लावून आला. सरांनी त्याला विचारलं, एका वेळेला पाणी किती लागतं? त्याने सांगितलं. सर म्हणाले, "चला, दाखवतो," आणि त्याला मागच्या अंगणात नळाशी नेलं. नळ सोडला. आतून नुसती हवा. तिथे मावशींच्या बादल्यांची रांग लागलेली होती, तिच्या शेवटी सरांनी त्याला स्टूल दिलं. "बसा. आलं की सांगा." तो माणूस दुपारपर्यंत तिथे बसला. मावशींनी त्याला चहा दिला, आणि त्याच्या लग्नाचं कुठवर आलंय तेही विचारून घेतलं.

मग सर मला घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेले, मशीन बघायला. मला मुद्दाम नेलं. मशीन झकास होतं, खोटं कशाला बोलू? एक बाई त्यावर झोपून गप्पा मारत होती. माझ्या डोळ्यांसमोर दादा आला, तिथे आडवा पडून कुणाची तरी थट्टा करणारा. सर मशीनकडे बघतच नव्हते. ते मशीन चालवणाऱ्या टेक्निशियनला एकच विचारत होते, गेल्या वर्षी जे पेशंट यायचे, ते आता कुठे आहेत?

"येत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणजे बरे झाले?"

"नाही हो, सर. आठवड्याला दोन-तीनदा यायचं, कायमचं. कुणी खोली विकतं, कुणी बांगड्या. चार-सहा महिने येतात. मग येत नाहीत."

परत अंधेरीला उतरल्यावर सर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीही ऐकायला हवं होतं, म्हणून नेलं." मी म्हटलं, "सर, सहा महिने तर सहा महिने. मला चालतील." त्यावर त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही.

ट्रस्टींची मीटिंग नेहमी वरच्या मजल्यावर गालिचावर व्हायची. सर म्हणाले, वॉर्डात घ्या. सकाळी मी ड्यूटीवर आले तर खाटांच्या मधली सगळी फरशी खडूने भरलेली. एका बाजूला मशीन काढलं होतं, दुसऱ्या बाजूला उलटी बाटली. त्यांच्याखाली घरं. लहान मुलं काढतात तशी, चौकोनावर त्रिकोण, एक दार. मशीनखाली थोडीशी, आणि त्यातली बरीचशी अंगठ्याने पुसट केलेली. बाटलीखालची घरं मात्र खाटांखालून, टेबलाखालून निघून थेट दाराबाहेर पायरीपर्यंत गेली होती. ट्रस्टी पाय उचलून उचलून आत आले.

"डॉक्टरसाब, हा काय रांगोळी काढला?" शेठ म्हणाले. "मशीन पायजे का नाय पायजे, सीधी बात बोला ना."

सर सीधी बात बोलले. मशीन तुम्ही द्याल, पण त्याच्या नळ्या परदेशातून येतील, पाण्याची टाकी बांधावी लागेल, चालवणारा माणूस शिकवून तयार केला की तो आखातात जाईल. हा सगळा खर्च याच वॉर्डाच्या पैशांतून निघणार, म्हणजे बाटल्या बंद. मशीनवर मेलेल्या किडनीचे दोन-चार जण वर्षभर जगतील. बाटल्यांवर झोपलेल्या किडनीचे इतके सारे बरे होऊन घरी जातील आणि परत येणार नाहीत. "मला मशीन नको. मला बाटल्यांतलं पाणी इथेच बनवायला एक खोली द्या."

आणि मग कोण बोललं? मेट्रनबाई. रोज माझ्या अंगावर येणाऱ्या.

"आणि आमच्या सिस्टरच्या भावाचं काय, डॉक्टर? तो कुठे बसतो तुमच्या या घरांत?"

सरांनी मशीनखालच्या एका घरावर बोट ठेवलं. त्याच्या शेजारी त्यांनी गोराईची खूण म्हणून एक माड काढला होता. ते मी सकाळी आल्याबरोबर बघितलं होतं.

"हे त्याचं," सर म्हणाले. "हे खोटं नाही. मशीन आणलं तर हे घर उभं राहील. काही महिने नक्की. पण मग या रांगेतली कुठली घरं पुसायची, ते मला कोणीतरी सांगा. मला ठरवता येत नाही."

शेठ घरांच्या रांगेमागून दारापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "रूमवर मदरचा नाव लागेल ना?"

"लागेल. मोठ्या अक्षरात."

मीटिंग संपली. मावशी फडकं घेऊन आल्या, सगळी फरशी पुसली आणि माडाच्या घरापाशी येऊन थांबल्या. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि ते घर मीच पुसलं. मला सरांचा असा संताप आला होता, की त्यांचा तो कॅनव्हासचा बूट उचलून त्यांच्याच डोक्यात घालावा. हिशेब बरोबर होता, ते मला कळत होतं. म्हणून तर जास्त राग होता.

रविवारी सर गोराईला आले. मी बोलावलं नव्हतं. होडीत बसायची सवय नाही, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात बूट. दादा ओट्यावर पाय पसरून बसला होता. सर त्याच्यासमोर खाली बसले.

"मशीन येत होतं. मी नको म्हणालो."

"बाय बोलली मना," दादा म्हणाला. आमच्या गावात लहान बहिणीला बाय म्हणतात, आणि डॉक्टर असो की फादर, सगळ्यांना तू. "तुझी ती बाटलीवाली हाय ना, ती मना चालंल?"

"चालेल. पण बरं करणार नाही. पोटात परत परत नळी घालावी लागेल, त्रास होईल, कधीतरी पू होईल. दिवस मिळतील, एवढंच."

मला वाटलं दादा नको म्हणेल, दुसऱ्या कुणाला द्या म्हणेल. दादा असलं काही म्हणाला नाही.

"दिवसच पायजेत," म्हणाला. "नव्या होडीचं काम अर्धं हाय. दे."

सर इतके खूश झाले, की त्यांनी त्याचा सुजलेला पाय धरून दाबला.

मग पुढे कित्येक महिने दादा शनिवारी यायचा आणि रविवारभर त्याच्या बाटल्या चालायच्या. वॉर्डाचा वेळ त्यात जायला नको म्हणून आम्हा नर्सेसना सर हात लावू द्यायचे नाहीत. वहिनी बाटल्या बदलायची आणि सर स्वतः स्टूल घेऊन शेजारी. ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, तुमच्याच हिशेबात हे बसत नाही, डॉक्टर. सर म्हणाले, "वॉर्डाचा हिशेब सोमवार ते शनिवार. रविवार माझा आहे." मी एकदा त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "काय सर, यानं घरी किती जातील?" मला टोचायचंच होतं. सर म्हणाले, "आज संध्याकाळी एक. पुढच्या शनिवारी परत घेऊन या."

त्यावर मला हसू आलं. राग असताना हसू आलं की फार पंचाईत होते.

दादा आणि सर यांची गट्टी जमली. दादा त्यांना वारा कसा ओळखायचा ते सांगायचा, सर त्याला काहीतरी सांगायचे आणि दादा म्हणायचा, "तुला एवढं ठाव हाय, मंग होडीत बसताना बूट का काढत नाय आधी?" दादाने होडी पुरी केली. ती पाण्यात घातली तेव्हा सर हजर होते. पावसाळ्यानंतर दादाच्या पोटात पुन्हा पू झाला, आणि या वेळी तो आवरला नाही. सर तीन दिवस हॉस्पिटलातून हलले नाहीत. दादा गेला तेव्हा त्यांनीच मला बाहेर आणून बाकावर बसवलं, आणि स्वतः उभे राहिले, काय करावं ते न सुचून.

माती झाल्यावर घरी ओट्यावर गाव जमलं होतं. सरही आले होते, एका कडेला बसले होते. वहिनी आतून आली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, खरं सांग. ती मशीन असती तं?"

अशा वेळी आम्ही हॉस्पिटलवाले काय बोलतो, ते मला पाठ होतं. काही फरक पडला नसता, होतं तेवढं सगळं केलं. मी ते म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"असती तर अजून जगला असता," सर म्हणाले. "काही महिने. कदाचित वर्षभर."

"मंग तू का नाय आणली?"

"आणली असती, तर मढला, गोवंडीला, कुणाकुणाच्या ओट्यावर जाऊन मला असंच बसावं लागलं असतं."

"त्यांचं मना नको सांगू," वहिनी म्हणाली. ओरडली नाही, रडलीही नाही. "त्यांची त्यांच्या घरी. माझा तं एकच व्हता."

मी वाट बघत होते, की आता सर "पण" म्हणतील. इतकी वर्षं त्यांना ऐकलं होतं, त्यांच्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं.

"हो," सर म्हणाले. "तुमचं बरोबर आहे."

वहिनी आत गेली. सर शेवटच्या होडीपर्यंत तिथेच बसून होते.

त्यानंतर सर पुष्कळ वर्षं आमच्याकडे होते. शेठच्या आईच्या नावाच्या खोलीत पाणी बनत राहिलं आणि माणसं घरी जात राहिली, अगदी सरांनी सांगितलं होतं तशीच. मधूनमधून कोणीतरी नवा दाता मशीनचं काढायचा, नवे ट्रस्टी यायचे, की सर पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडायचे. तसूभर मत बदललं नाही. फक्त मांडून झालं की शेवटी एक वाक्य जोडायला लागले.

"आणि गोराईला एक बाई आहेत. त्यांच्या मते हा हिशेब चूक आहे."

नवे ट्रस्टी एकमेकांकडे बघायचे. कोणीतरी विचारायचंच, कोण बाई? त्यांचं म्हणणं काय?

"ते सिस्टर सांगतील," सर म्हणायचे. "मला ते नीट सांगता येत नाही."

मी औषधांचा ट्रे खाली ठेवायची आणि वहिनीचं म्हणणं सांगायची, तिच्याच शब्दांत. माझा तं एकच व्हता. सर तोवर फरशीवर उकिडवे बसून असायचे, मग उठून हात झटकायचे आणि म्हणायचे, "हां. आता ठरवा."